सराफ बाजारालगतची जुनी कचेरी आणि चुन्यातली दुरुस्ती : एक अभिप्राय

नाशिकच्या गावठाणात, सराफ बाजार आणि भांडी बाजार यांच्या मधल्या एका गल्लीत आमच्या कुटुंबाची दुमजली इमारत आहे. खाली पेढी आणि वर भाड्याने दिलेल्या कचेऱ्या, अशी तिची रचना बांधली गेली तेव्हापासून आजतागायत कायम आहे. या इमारतीची दुरुस्ती जुन्या वास्तूंचेच काम करणाऱ्या एका वास्तुविशारदांनी आणि त्यांच्याबरोबरच्या चुनाकामाच्या मिस्त्र्यांनी केली. त्या सेवेबद्दलचा हा अभिप्राय आहे. काम संपल्यावर एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा आणि मगच लिहावे, असे मी ठरवले होते, कारण गोदावरीच्या इतक्या जवळच्या इमारतीची दुरुस्ती उन्हाळ्यात कितीही देखणी दिसली तरी तिची खरी परीक्षा श्रावण-भाद्रपदातच होते.

दुरुस्तीविषयी सांगण्याआधी इमारतीविषयी सांगणे भाग आहे, कारण या मंडळींनीही कामाची सुरुवात तिथूनच केली. नाशिक नगरपालिका १८६४ मध्ये स्थापन झाली आणि १८६९ मध्ये नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यानंतर सरकारी कामाच्या निमित्ताने शहरात येणाऱ्यांची संख्या वाढली आणि बाजाराला लागून वकील, दलाल, सावकार आणि अर्जनवीस (लोकांचे अर्ज लिहून देणारे) यांच्या बैठका उभ्या राहिल्या. मेन रोडवरच्या नगरपालिकेच्या इमारतीपासून नाशिक रोड स्थानकापर्यंत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ट्रामही सुरू झाली होती. सुरुवातीला घोडे ती ओढत असत आणि १९३०च्या दशकाच्या आरंभी ती बंद पडली. आमच्या पणजोबांनी ही इमारत १९२०च्या दशकात बांधली ती याच वर्दळीकडे पाहून. त्यांचा धंदा तांब्या-पितळेच्या भांड्यांचा होता, पण माडीवर त्यांनी घर न बांधता स्वतंत्र जिन्याच्या खोल्या काढल्या आणि त्या पहिल्यापासून वकिलांना भाड्याने दिल्या. म्हणजे ही इमारत नंतर कचेरी झालेला वाडा नव्हे. ती कचेरी म्हणूनच बांधलेली आहे. दुरुस्तीचे सगळे निर्णय पुढे याच एका गोष्टीवर ठरले, आणि ते तसेच ठरायला हवे होते, असे माझे मत आहे.

बांधकाम त्या काळच्या रिवाजाचे आहे. जोते काळ्या घडीव दगडाचे, तळमजल्याच्या भिंती दगड-चुन्याच्या, माडी विटांची, आत सागवानी खांब व तुळया, त्यावर कडीपाट म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचे छत आणि सर्वांत वर मंगलोरी कौले. भारतात पोरबंदरला सिमेंटचा कारखाना १९१४ मध्ये सुरू झाला होता खरा, परंतु आमच्या गल्लीत १९२०च्या दशकातही चुन्याचेच राज्य होते. पेढीच्या दर्शनी दरवाज्याची रुंदी मात्र लाकडाला पेलणारी नव्हती, म्हणून तेथे लोखंडी तुळई घातलेली आहे. तिच्यावरचे ऑइलपेंटचे थर खरवडल्यावर ‘डॉर्मन लाँग’ हे इंग्लंडमधील मिडल्सबरोच्या कारखान्याचे नाव उठावाच्या अक्षरांत दिसले. घरातल्या कोणालाही ते ठाऊक नव्हते. कौलांवरही असेच ठसे निघाले. काहींवर ‘बासेल मिशन’ आणि ‘१८६५’ असे होते. हे साल पाहून आमच्याकडे इमारत दीडशे वर्षांपेक्षा जुनी असल्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा वास्तुविशारदांनी समजावून सांगितले की १८६५ हे मंगळुरूच्या त्या कारखान्याच्या स्थापनेचे वर्ष आहे, कौल भाजल्याचे नव्हे. शिवाय पहिल्या महायुद्धानंतर तो कारखाना कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेला, त्यामुळे मिशनचा ठसा असलेली आमची कौले इमारतीपेक्षा जुनी असून दुसऱ्या कुठल्या छपरावरून आली असण्याची शक्यता आहे. ज्यांच्या घरी अशी कौले आहेत त्यांनी ठशावरून घराचे वय ठरवण्याची घाई करू नये.

इमारतीचे दुखणे पाण्याचे होते. गोदेला पूर आला की नाशिककर सरकारवाडा या जुन्या दगडी वास्तूच्या पायऱ्यांकडे पाहतात. पाणी कितव्या पायरीला लागले यावरून बाजारातले दुकानदार माल हलवायचा की नाही ते ठरवतात. २००८, २०१६ आणि २०१९ या तिन्ही वर्षी पुराचे पाणी सराफ बाजारात आणि भांडी बाजारात शिरले. त्यातच दहीपुलाच्या बाजूने जमिनीखालून वाहणाऱ्या सरस्वती नाल्याचे पाणी नदी फुगली की मागे सरकते, म्हणजे पूर नसतानाही आमच्या भागातली जमीन ओलीच राहते. २००८च्या पुरानंतर आम्ही तळमजल्याच्या भिंतींना छातीपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला, जमीन काँक्रीट घालून उंच केली आणि बाहेरच्या बाजूला फरशा लावल्या. तेव्हा सगळी गल्ली तेच करत होती. पुढच्या दोन-तीन वर्षांत सिमेंटची रेषा जिथे संपते त्याच्या वर, पूर्वी कधीच ओल नव्हती अशा उंचीवर, रंगाला फोड येऊ लागले आणि पांढरा लोणा म्हणजे भिंतीतला क्षार फुटू लागला. दरवर्षी रंग काढायचा, पुट्टी भरायची आणि पुन्हा रंग द्यायचा, हा क्रम बरीच वर्षे चालला. महापालिका पावसाळ्याच्या तोंडावर गावठाणातल्या मोडकळीस आलेल्या वाड्यांना नोटिसा देते. तशी नोटीस आपल्याला येऊ नये या चिंतेने आम्ही शेवटी जाणकारांच्या शोधाला लागलो.

आधी ज्या ठेकेदारांना बोलावले त्यांनी इमारत फिरून पाहिली आणि त्याच दिवशी दर दिले. एकाने सगळ्या भिंतींना जलरोधक रसायनाचा थर सुचवला, तर दुसऱ्याने इमारत पाडण्याचाच सल्ला दिला. हे वास्तुविशारद आले ते हातोडी, ओळंबा आणि ओल मोजण्याचे छोटे यंत्र घेऊन. त्यांनी पहिल्या भेटीत दर दिला नाहीच, उलट एक पावसाळा आणि एक हिवाळा भिंतींच्या ओलीची नोंद ठेवल्याशिवाय काम सुरू करणार नाही असे स्पष्ट सांगितले. मधल्या काळात त्यांनी गिलाव्यावर टिचक्या मारून पोकळ भाग खडूने आखले, ठिकठिकाणी हातभर चौकोन काढून आतले बांधकाम पाहिले, लाकडात टोच्या खुपसून सड किती आत गेली आहे ते तपासले आणि ३० वर्षांहून जुन्या इमारतीला लागणारे स्ट्रक्चरल ऑडिट म्हणजे मजबुतीची तपासणीही करवून घेतली. अखेरीस जो अहवाल हाती आला तो मराठीत होता, त्यात प्रत्येक भिंतीचे रेखाटन होते आणि प्रत्येक दोषापुढे कारण लिहिलेले होते. निष्कर्ष थोडक्यात असा, की जमिनीतून भिंतीत चढणारे पाणी पूर्वी चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडून सुकत असे. सिमेंट आणि फरशांनी ती वाट बंद केल्यामुळे ते वर चढत गेले आणि सिमेंट संपेल तिथून क्षार घेऊन बाहेर आले. इमारतीचे जे नुकसान आम्ही पुराच्या खात्यावर मांडत होतो, त्याचा मोठा वाटा पुरानंतरच्या दुरुस्तीचा होता. या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग कोणता असे विचाराल, तर तो हा अहवाल आहे. ज्यांना सगळे काम या मंडळींकडून करून घेणे परवडणार नाही त्यांनी निदान एवढी पाहणी तरी करून घ्यावी.

याच काळात त्यांनी आम्हाला सरकारवाडा नीट पाहायला लावला. पेशवेकालीन घडीव काळ्या दगडाची ही वास्तू आम्ही लहानपणापासून येता-जाता पाहत आलो होतो. तिने आजवर किती प्रकारचे कामकाज पाहिले आहे, याचा विचार मात्र केला नव्हता. पेशवाईनंतर तिथे सरकारी कचेऱ्या आल्या. पोलीस ठाणे होते, आणि ते ठाणे दुसरीकडे गेले तरी ‘सरकारवाडा पोलीस ठाणे’ हे नाव घेऊन गेले. १८४० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाचा कारभारही बरीच वर्षे याच वाड्यात चालला. आज हा वाडा राज्य पुरातत्त्व विभागाच्या ताब्यातले संरक्षित स्मारक असून विभागाचे कार्यालय आणि वस्तुसंग्रहालय तिथे आहे. पुराचे पाणी पायऱ्यांना इतक्यांदा लागूनही ती वास्तू उभी आहे याचे श्रेय दगडाला आहेच, पण ती सतत वापरात राहिली, कोणी ना कोणी रोज तिचे दरवाजे उघडत राहिले, यालाही आहे, असे वास्तुविशारदांचे म्हणणे होते आणि मला ते पटले. आमच्या इमारतीतल्या कचेऱ्या कामाच्या काळातही बंद करायच्या नाहीत, हा आग्रह आम्ही तिथूनच घेतला.

प्रत्यक्ष काम सिमेंट उतरवण्यापासून सुरू झाले. यंत्राने दगडाला हादरे बसतात म्हणून छिन्नी-हातोडीनेच सगळे सिमेंट काढले गेले, आणि त्याला फार वेळ लागला. त्यानंतर भिंती कित्येक आठवडे उघड्या ठेवल्या गेल्या. भाडेकरूंची कुरकुर वाढली तेव्हा मी मुख्य मिस्त्र्यांना गिलाव्याची घाई करण्यास सुचवले. ते म्हणाले, “साहेब, भिंत वाळू द्या. ओल्या भिंतीवर मी थापी लावणार नाही, मग तुम्ही दुसरा मिस्त्री बघितला तरी चालेल.” वयाने आणि अनुभवाने मोठ्या असलेल्या कारागिराने इतक्या ठामपणे सांगितल्यावर पुन्हा त्या विषयावर बोलण्याचे कारण उरले नाही.

चुन्याचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. मागच्या अंगणात टाकी बांधून तीत चुनकळी म्हणजे भाजलेली चुनखडी विरवली गेली. पाणी पडताच ती उसळते आणि टाकीजवळ उभे राहवत नाही इतकी उष्णता बाहेर पडते, त्यामुळे भाडेकरूंना आणि त्यांच्या अशिलांना त्या बाजूला येण्यास सक्त मनाई होती. विरलेला चुना पाण्याखाली मुरवत ठेवून, मग गाळून, वाळू आणि विटांच्या भुकटीत म्हणजे सुरखीत मिसळला जातो. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सियसला भाजली की चुनकळी होते, पाण्याने ती विरते आणि भिंतीवर गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीच होते. हे परतणे सावकाश असते, म्हणून चुन्याच्या कामाला धीर लागतो. सुरखीमुळे चुना ओलसर जागीही धरतो, आणि आमच्यासारख्या नदीकाठच्या भिंतींना तिची गरज अधिक होती. गूळ आणि बेलफळाचा गर भिजवून त्याचे पाणी गिलाव्यात घातले गेले. त्याने माल मऊ राहतो आणि चिवटपणा येतो असे मिस्त्री सांगतात. थर पातळ, एकावर एक, प्रत्येक थर गोणपाटाने झाकून दिवसातून अनेकदा शिंपडलेला. शेवटचा हात फिरवताना मिस्त्री थापीच्या कडेने भिंतीवर हलकेच ठोकत जात आणि आवाज ऐकत. एका ठिकाणी आवाज बदलला, तेव्हा कोणीही न सांगता त्यांनी आदल्या दिवशीचा हातभर भाग स्वतःच काढून टाकला आणि पुन्हा केला. दगडी भागाच्या दरजा म्हणजे दगडांमधल्या फटीही सिमेंट खरवडून चुन्यानेच भरल्या गेल्या.

लाकूडकामही तितकेच जबाबदारीने झाले. पुराच्या पाण्यात वारंवार राहिलेल्या खांबांची बुडे कुजली होती. पूर्ण खांब न बदलता कुजका भाग कापून त्या जागी जुन्याच सागाचा तुकडा सांध्याने जोडला गेला, आणि तो खाली दगडी तळखड्यावर बसवला, म्हणजे लाकूड जमिनीला टेकत नाही. प्रत्येक नव्या तुकड्यावर, सहज नजरेस न येणाऱ्या बाजूला, दुरुस्तीचे साल कोरले आहे. पुढे कोणी ही इमारत उघडून पाहिली तर जुने कोणते आणि नवे कोणते हे त्याला कळावे, हा त्यामागचा हेतू आहे, आणि तो मला फार आवडला. १९९०च्या दशकात बसवलेले फॉल्स सीलिंग उतरवल्यावर वरचा कडीपाट मोकळा झाला. त्यात भांडी तोलण्याचा मोठा तराजू टांगायची लोखंडी कडी होती. सुताराने ती कापायला घेतली होती, पण वास्तुविशारदांनी हात धरून थांबवले. रंग, दारे-खिडक्या आणि कौलांची मांडणी यांविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही. काम नीटनेटके आहे.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत मोठी वीजजोडणीची. ज्या इमारतीत रोज संगणक, छपाईयंत्रे आणि वातानुकूलन चालते तिच्या वायरिंगचा आराखडा गिलाव्याच्या आधी पक्का व्हायला हवा होता. तो झाला नाही. वीजकाम दुसऱ्या ठेकेदाराकडे होते आणि त्याच्या माणसांनी नव्या, अजून पूर्ण न धरलेल्या गिलाव्यात कटरने खाचा पाडल्या. एक संपूर्ण भिंत पुन्हा करावी लागली, आणि तिचा खर्च कोणी सोसायचा यावर नको इतकी वादावादी झाली. मिस्त्र्यांच्या चेहऱ्यावरचे दुःख तेव्हा पाहवत नव्हते. एसीच्या बाहेरच्या यंत्रांची जागाही आयत्या वेळी ठरली आणि ती मागच्या भिंतीवर आली, जिथे त्यांचे पाणी पुन्हा जोत्यातच मुरते. इतक्या बारकाईने ओलीचा अभ्यास करणाऱ्यांकडून ही चूक अपेक्षित नव्हती. ती त्यांनी मान्य केली आणि पन्हाळ लावून दिली, पण आधीच विचार व्हायला हवा होता.

दुसरी उणीव वेळापत्रकाची. इमारत दोन भागांत विभागून, एका भागातल्या कचेऱ्या दुसऱ्या भागात हलवून काम करण्याची योजना उत्तम होती. त्यामुळे एकाही भाडेकरूला जागा सोडावी लागली नाही, आणि पिढ्यान्पिढ्या भाड्याने असलेल्या जागेत पुन्हा येण्याच्या हक्काबद्दल त्यांच्या मनात जी भीती असते तीही राहिली नाही. पण छपराचे काम पावसाच्या आत उरकण्याचे आश्वासन पाळले गेले नाही. मृगाचा पाऊस आला तेव्हा एक बाजू ताडपत्रीखाली होती, आणि एका वकीलसाहेबांच्या काही फायली भिजल्या. भरपाईचा प्रश्न सामोपचाराने मिटला, तरी वकिलाच्या कचेरीत कागद भिजणे ही क्षुल्लक बाब नव्हे. तिसरी उणीव हिशेबाची आहे. बिले मोघम येत. ‘चुनाकाम, तळमजला’ एवढ्या एका ओळीत मोठी रक्कम लिहिलेली असे आणि मोजमापे मागून घ्यावी लागत. मागितल्यावर ती दिली जात आणि बरोबर असत, हे नमूद केले पाहिजे.

खर्चाविषयी लोक हमखास विचारतात. सिमेंटने दुरुस्ती करण्यासाठी आलेल्या दरापेक्षा हा खर्च सुमारे दीडपट झाला. मात्र ती सिमेंटची दुरुस्ती आम्ही काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा करतच होतो, हे हिशेबात धरले पाहिजे. इमारत पाडून नवी बांधायची तर रस्तारुंदी, सामासिक अंतरे (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) आणि पार्किंगचे नियम पाळून आमच्या चिंचोळ्या भूखंडावर आहे तेवढे क्षेत्रही पुन्हा मिळाले नसते. त्यामुळे पैशांच्या दृष्टीनेही हा निर्णय मला योग्य वाटतो.

पावसाळ्यानंतरची स्थिती अशी आहे. तळमजल्याच्या भिंतींना खालून वीतभर ओल दिसली. ती येणारच, कारण जमीन ओली आहे, आणि वास्तुविशारदांनी अहवालात तसे आधीच लिहून दिले होते. दसऱ्यापर्यंत ती सुकली. कुठेही फोड आला नाही. दोन ठिकाणी क्षाराची बारीक पूड दिसली, ती कोरड्या ब्रशने झाडली आणि चुन्याचा एक हात दिला तेवढ्यावर भागले. पेढीत शिरताच येणारा कुबट वास गेला आहे. माडीवर कौलांखाली फळ्यांचे अस्तर नव्याने लावल्यामुळे दुपारची धग कमी झाल्याचे भाडेकरू सांगतात. जिन्यावर पूर्वी दिवसाही दिवा लावावा लागे. बुजवलेला झरोका उघडल्यापासून तो लावावा लागत नाही.

ज्यांची जुनी इमारत दगड-चुन्याची किंवा विटा-लाकडाची आहे, तिचा रोजचा वापर सुरू आहे आणि ज्यांना एक वर्ष थांबण्याची तयारी आहे, त्यांनी अशा मंडळींकडेच जावे, असे मी आग्रहाने सांगेन. तातडीने काम उरकायचे असेल तर त्यांच्याकडे जाऊ नये. त्यात दोघांचाही मनस्ताप आहे. आमच्या मागच्या अंगणाची भिंत आणि विहिरीचा कठडा अजून बाकी आहे. ते काम होळीनंतर याच मिस्त्र्यांकडे द्यायचे ठरले असून, या वेळी करारात मोजमापांसह बिले, छपराखालच्या कागदपत्रांची जबाबदारी आणि गिलाव्याआधी वीजजोडणीचा आराखडा ही तीन कलमे लेखी घातली आहेत. त्यांनी ती वाचून विनातक्रार सही केली आहे.